काचेवरचा तारा, कागदाचं तारू

बायबलमधल्या कथांवरच्या सुरुवातीच्या ॲनिमेशन लघुपटांविषयी गेल्या अंकात लेख आला होता. लोटे रायनिगर यांच्या काळ्या कागदाच्या छायाकृती आणि डिस्नेचा नोहा (महापुरात तारू, म्हणजे मोठं जहाज, बांधून प्राणी वाचवणारा) हे त्यातले दोन मुख्य विषय. त्यावर पुणे आणि परिसरातून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत अकरा ते चौदा वयाची वीसेक मुलं येतात. रायनिगर यांनी १९२१ साली केलेल्या 'बेथलेहेमचा तारा'सारखी एक मिनिटाची फिल्म मुलांकडून नाताळपर्यंत करून घेता येईल का? साहित्य काय लागेल, वेळ किती लागेल?
— शिक्षिका, वानवडी

नक्की करता येईल. या पद्धतीत चित्रकलेपेक्षा कात्री आणि धीर जास्त लागतो. रायनिगर बर्लिनच्या. १९१९ पासून त्या छायाकृतींचे लघुपट करत होत्या, आणि 'प्रिन्स अखमेद' हा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट १९२६ चा. आडवी काच, खालून उजेड, वरून खाली पाहणारा कॅमेरा आणि काचेवर सांधे जोडलेल्या काळ्या बाहुल्या, एवढीच त्यांची मांडणी. बाहुली केसभर सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. ताऱ्याची कथा त्यांनी १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा केली.

आधी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मुलांबरोबर वाचा आणि त्यातल्या हालचाली तेवढ्या फळ्यावर लिहून काढा : तारा दिसतो, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष) निघतात, हेरोद राजा घाबरतो, तारा पुढे चालतो, थांबतो, ते घरात जातात, पाया पडतात, भेटी देतात. मनातले विचार आणि लांबलचक संवाद छायाकृतीत येत नाहीत, ते सोडून द्या. दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन होत्या, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन अशी रूढी पडली. तुम्हाला दोनच बाहुल्या झेपत असतील तर दोन करा. आणि मत्तयाच्या कथेत ते 'घरात' जातात. गव्हाणी लूकच्या शुभवर्तमानातली आहे. दोन्ही एकत्र दाखवायला हरकत नाही, पण ते ठरवून करा.

मांडणीसाठी : ६० × ४५ सेंमीची, ५ मिमी जाडीची साधी काच, कडा घासून घेतलेली. काचेखाली ठेवायला तेवढ्याच मापाचं ३ मिमी जाडीचं दुधी ॲक्रिलिक. २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब. काच ठेवायला दोन बाजूंना भाजीचे प्लॅस्टिक क्रेट किंवा विटांचे थर. ट्यूब एकमेकींपासून १५ सेंमीवर आणि ॲक्रिलिकच्या खाली निदान २५ सेंमी असाव्यात. त्याहून जवळ ठेवल्या की आकाशात ट्यूबचे दोन पांढरे पट्टे उमटतात, आणि ते नंतर काढता येत नाहीत. काचेवर ४० × ३० सेंमीची चौकट काळ्या टेपने आखा. चौकटीबाहेरची काच काळ्या कागदाने झाका, नाहीतर बाजूचा उजेड भिंगात शिरून काळा रंग करडा दिसू लागतो.

कॅमेरा म्हणून मोबाइल चालेल. तो काचेपासून ६० ते ६५ सेंमी उंच, अगदी समपातळीत आणि दुप्पट झूमवर ठेवा. झूम न करता जवळ आणला तर कडेच्या बाहुल्या बाहेर झुकल्यासारख्या दिसतात. फोकस, उजेड आणि पांढरा रंग हे तिन्ही कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये कुलूपबंद करा. यातलं एक जरी ऑटोवर राहिलं तरी काळी बाहुली आत येताच मोबाइल आकाश उजळवतो आणि फिल्म लुकलुकते. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, वेगवान शटरवर ट्यूबची थरथर पकडली जाते. ट्यूबला डिमर लावू नका. आकाश गडद हवं असेल तर बटर पेपरचा एक थर वाढवा.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडपणाचं वजनातलं माप) काळा कार्डशीट घ्या, दोन्ही बाजूंनी काळा. पांढऱ्या पोटाचा कार्डशीट कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते. अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार पेठेत कागद, बटर पेपर आणि तार सगळं मिळेल. विकत घेताना कागद बोटांत वाकवून पाहा, लगेच सुरकुती धरणारा घेऊ नका.

मागी लोकांच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे, कारण पायघोळ झग्यात पाय लपतात. डोकं, धड, झग्याचे दोन तुकडे, दंड आणि कोपरापुढचा हात अशा सहा तुकड्यांत आणि पाच सांध्यांत बाहुली होते. बाहुलीची उंची १२ सेंमी धरा. उंट मात्र महाग पडतो : धड, मानेचे दोन भाग, डोकं, चार पाय दोन-दोन तुकड्यांचे आणि शेपूट, म्हणजे तेरा तुकडे. एकच उंट पूर्ण सांध्यांचा करा. बाकीचे दोन थोडे लहान कापा आणि वाळूच्या टेकडीच्या काळ्या पट्टीमागे गुडघ्यापर्यंत झाकून न्या. त्यांचे पाय करावेच लागत नाहीत आणि अंतरही भासतं.

आता वेळेचा हिशेब. सेकंदाला बारा चित्रं पुरतात, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं आणि प्रक्षेपण २४ फ्रेमचंच राहतं. मिनिटाला ७२० चित्रं झाली. पण ज्या क्षणी पडद्यावर काही हलत नाही तिथे एकच चित्र हवं तितकं लांबवता येतं, म्हणून प्रत्यक्षात साडेचारशेच्या आसपास काढावी लागतील. नवख्या हातांनी तासाला साठ-सत्तर चित्रं निघतात. म्हणजे सात तासांचं चित्रीकरण, दोन-दोन तासांच्या चार बैठका. बाहुल्या कापायला आणखी दोन बैठका द्या. काचेजवळ एका वेळी चारच मुलं हवीत : दोन बाहुल्या हलवणारी, एक कॅमेऱ्यावर, एक वहीत चित्रांचा आकडा लिहिणारं. बाकीच्यांना कापणं, निवेदन आणि वाद्यं द्या. वीस मुलं काचेभोवती उभी राहिली तर कुणाचा तरी धक्का लागतोच.

तारा या फिल्मचा नायक आहे, त्याला वेळ द्या. आकाशासाठी बटर पेपरचे तीन थर एकमेकांवर ठेवा. वरच्या दोन थरांना ६ मिमीचं भोक पाडा आणि त्याभोवती सुईने किरणांसारखी बारीक छिद्रं टोचा. तिसरा थर अखंड ठेवा, म्हणजे ताऱ्याच्या जागी उजेड जास्त, पण डोळे दिपवणारा नाही. तारा हळूहळू उगवायला हवा असेल तर भोकाखाली बटर पेपरची पट्टी ठेवून ती दर चित्राला अर्धा मिमी बाहेर ओढा. बारा चित्रांत, म्हणजे सेकंदाभरात, तारा लागतो. पुढे तो 'त्यांच्यापुढे चालू लागला' असं वचन आहे. त्यासाठी भोक असलेले वरचे दोन थर चौकटीपेक्षा प्रवासाच्या दिशेला १५ सेंमी मोठे घ्या आणि एकत्र सरकवा. हे आधी विसरलं तर ऐन वेळी आकाशाची कड चौकटीत येते.

प्रश्न : अशाच बाहुल्या करून पाहिल्या. सांधे दोन दिवसांत सैल पडतात, चालताना पाय बर्फावर घसरल्यासारखे दिसतात, आणि दोन माणसं जवळ आली की काळा गोळा होतो. यावर काही उपाय?
— विद्यार्थी, कर्वेनगर

सांधा सैल पडण्याचं कारण बहुतेक वेळा भोक असतं. पंचिंगने पाडलेलं भोक तारेपेक्षा फार मोठं होतं. जाड सुई वापरा. सांध्यापाशी दोन्ही तुकड्यांना ८ मिमी व्यासाचं गोल टोक सोडा, दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर बसवा आणि मधोमध सुईने आरपार टोचा. तीस गेजची तांब्याची तार आतून बाहेर काढा, दोन्ही टोकं मागे उलट्या दिशांना वळवून सपाट दाबा आणि त्यावर टेपचा कपटा लावा. सांधा इतकाच घट्ट हवा की हात उभा धरल्यावर आपल्या वजनाने पडू नये, पण बोटाने ढकलल्यावर धड हलू नये. गोल टोक न ठेवता चौकोनी कापलं तर कोपर वाकवल्यावर बाहेर कोपरा निघतो. मनुष्याकृती लाकडी दिसण्याचं हे पहिलं कारण.

रायनिगर बाहुल्यांमध्ये शिशाचा पातळ पत्राही वापरत, त्यामुळे त्या काचेवर सपाट आणि जड बसत. तुम्ही शिसं वापरू नका, ते विषारी आहे. धडाच्या मागे दोन लहान, चपटे वायसर चिकटवा, तेवढं वजन पुरतं. बाहुली सपाट बसत नसेल तर काचेपासून उचललेली कड अस्पष्ट दिसते. पावसाळ्यात कार्डशीट दमट होऊन वाकतो, तेव्हा रात्री तो जाड पुस्तकाखाली ठेवावा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत उलट त्रास : ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठून धूळ आणि कागदाचे कपटे चिकटतात. किंचित ओलसर सुती फडक्याने दर बैठकीआधी पुसा. कोरड्या फडक्याने पुसलं तर वीज आणखी वाढते.

पाय घसरतात कारण बहुतेक जण आधी धड पुढे सरकवतात आणि मग पाय जुळवतात. क्रम उलटा करा. जो पाय टेकलेला आहे त्याचा तळवा डाव्या हाताच्या बोटाने काचेवर दाबून धरा, मग कंबर ७ मिमी पुढे न्या, मग मोकळा पाय पुढे आणा. एक पाऊल सहा चित्रांत, म्हणजे अर्ध्या सेकंदात पूर्ण होतं आणि त्यात ४२ मिमी अंतर कापलं जातं. १२ सेंमीच्या बाहुलीला हे पाऊल शोभतं. ४० सेंमीची चौकट ओलांडायला ५७ चित्रं, जवळजवळ पाच सेकंद. निघताना पहिली तीन चित्रं २, ४ आणि ६ मिमीची घ्या, थांबतानाही तसंच उलट करा. सुरुवातीलाच ७ मिमीने धाडकन निघालेली बाहुली ढकलल्यासारखी दिसते. पाऊल टाकताना कंबर मधल्या चित्रांत दीड-दोन मिमी वर जाते आणि पाय टेकताना खाली येते. झग्यातल्या माणसालाही हा चढ-उतार द्या, तेवढ्यावर तो चालतोय हे कळतं.

काळ्या गोळ्याचं उत्तर कथेच्या मांडणीत आहे. छायाकृतीत सगळा अर्थ कडेच्या रेषेत असतो. दोन आकृतींमध्ये निदान ३ मिमी उजेड ठेवा. मरिया बाळाला उराशी धरून बसली आहे असं दाखवलं तर बाळ दिसणारच नाही. हात पुढे करून धरलेलं बाळ, चेहरा बाजूने, हनुवटी आणि बाळाचं कपाळ यांच्यामध्ये प्रकाशाची फट, हे दिसतं. चेहरे नेहमी बाजूने कापा, आणि माणूस वळवायचा असेल तर मध्ये दोन चित्रांसाठी अरुंद, तीन-चतुर्थांश वळलेली बाहुली ठेवून मग उलटी करा.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या तर फरक लक्षात येईल. तिथे चामडं अर्धपारदर्शक असतं, रंग आणि नक्षी आतून दिसते, त्यामुळे एकावर एक आलेल्या आकृतीही ओळखता येतात. काळ्या कार्डशीटला ती सवलत नाही. झग्याला, मुकुटाला बारीक छिद्रांची नक्षी काढली तर त्यातलं थोडं साधतं.

प्रश्न : दादासाहेब फाळके यांनी पाहिलेला ख्रिस्तचरित्रपट ॲनिमेशनचा होता का?
— ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

नाही. १९११ मध्ये गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी पाहिला तो नटांनी केलेला मूकपट होता. तो पाहताना पडद्यावर कृष्ण, राम, गोकुळ कधी दिसेल हा विचार मनात आला, असं त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं आहे. पण एकेक फ्रेम घेण्याच्या तंत्राकडे फाळके फार लवकर वळले. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून 'अंकुराची वाढ' केली, आणि १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवणारी 'आगकाड्यांची मौज'. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने १९३० च्या दशकात 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट काढला. बायबलच्या कथेवर त्या काळात आपल्याकडे ॲनिमेशन झालं असतं तर त्याला हात आणि साधनं दोन्ही होती.

प्रश्न : डिस्नेचा नोहा १९३३ चा असं लेखात आहे. मला मात्र पेन्सिली, बुचं आणि दोऱ्याच्या रिळांपासून केलेले प्राणी आठवतात. माझी आठवण चुकते आहे की तुमची माहिती?
— वाचक, औंध

दोन्ही बरोबर आहेत, फिल्मच दोन आहेत. 'फादर नोहाज आर्क' एप्रिल १९३३ चा, विल्फ्रेड जॅक्सन दिग्दर्शित, 'सिली सिंफनी' मालिकेतला, हाताने रेखाटलेला आणि रंगीत. तुम्हाला आठवतो तो १९५९ चा 'नोहाज आर्क', बिल जस्टिस यांचा. घरातल्या वस्तूंपासून प्राणी जोडून ते फ्रेमगणिक हलवलेले आहेत, आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं.

दोन्ही फिल्म एका बैठकीत पाहण्यासारख्या आहेत. १९३३ च्या फिल्ममध्ये सगळं काम संगीताच्या ठोक्यावर चालतं, करवत, हातोडी, प्राण्यांची रांग, सगळं. ठोका आधी मोजून मग चित्रं काढली की असं होतं. उदाहरणार्थ, मिनिटाला १२० ठोक्यांची चाल असेल तर २४ फ्रेमच्या हिशेबात दर बारा फ्रेमला एक ठोका येतो, आणि हातोडी त्या बाराव्या फ्रेमवरच पडावी लागते. तुम्ही घरी सेकंदाला बारा चित्रं काढत असाल तर दर सहाव्या चित्रावर. संगीत नंतर चिकटवायला गेलात तर हा मेळ जमत नाही. मुलांची फिल्म करणाऱ्यांनी आधी टाळी रेकॉर्ड करावी आणि मग बाहुली हलवावी.

रंगाबद्दलही काही जणांनी विचारलं आहे. त्या काळच्या टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीत लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन वेगळ्या काळ्या-पांढऱ्या नोंदी घेत. त्यांपासून केलेल्या ठशांवर अनुक्रमे निळसर, किरमिजी आणि पिवळा रंग चढवून ते एकामागून एक कोऱ्या फिल्मवर उमटवत, छापखान्यात रंगीत चित्र छापतात तसं. हे रंग टिकाऊ असतात. म्हणून जुनी टेक्निकलर प्रत अजून टवटवीत दिसते, आणि १९५० नंतर आलेल्या ईस्टमन रंगाच्या अनेक प्रती गुलाबी पडल्या आहेत. तुमच्याकडची नोहाची प्रत गुलाबी असेल तर ती उशिरा काढलेली प्रत आहे, एवढं नक्की समजा. फिल्म मात्र १९३३ ची असू शकते.

प्रश्न : शाळेत नोहाच्या तारवावर छायाकृतींची फिल्म करत आहोत. तारू कसं कापावं? पाऊस, पूर आणि पांढरं कबुतर काळ्या कागदात कसं दाखवावं?
— चित्रकला शिक्षक, हडपसर

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मापं दिली आहेत : लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. म्हणजे बाजूने पाहिलं तर लांबी उंचीच्या दहापट. ४० सेंमीच्या चौकटीत ३० सेंमीचं तारू कापलं तर ते जेमतेम ३ सेंमी उंच होईल, आणि त्यात तीन मजले, दार आणि खिडकी बसवायची. कार्टूनमधलं तारू गोलमटोल होडीसारखं का असतं ते यावरून कळेल. जवळजवळ चौकोनी पडद्यावर ते भरतं आणि वर जिराफाची मान काढायला जागा मिळते. आमचं मत असं की शाळेच्या फिल्ममध्ये दोन तारवं करा. दूरच्या दृश्यात वचनातल्या मापाचं लांब, सपाट तारू, चारही बाजूंना पाणीच पाणी. जवळच्या दृश्यात फक्त दार आणि उतरण, बाकीचं चौकटीबाहेर. मुलांना आकड्यांचा अर्थ लांब तारू पाहूनच कळतो.

पावसासाठी तीन ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद) घ्या, प्रत्येकावर काळ्या परमनंट मार्करने तिरप्या बारीक रेघा मारा, पण तिन्हींवर वेगळ्या जागी. पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली अशी दर चित्राला बदलत जा. एकाच शीटवर काम भागवून ती खाली सरकवली तर पाऊस पडद्यासारखा उतरताना दिसतो. रेघा समांतर ठेवा, पण एकसारख्या लांबीच्या नकोत.

पुरासाठी बटर पेपर किंवा पतंगी कागदाच्या ५५ सेंमी लांबीच्या तीन पट्ट्या घ्या. वरची कड कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडेवरचा तंतू लाटेच्या फेसासारखा प्रकाश धरतो. मागची पट्टी दर चित्राला २ मिमी, मधली ४ मिमी आणि पुढची ६ मिमी सरकवा, मधली उलट्या दिशेने. तिन्ही एकाच वेगाने गेल्या तर पाणी सपाट होतं. पाणी चढवायचं असेल तर दर सहा चित्रांमागे तिन्ही पट्ट्या १ मिमी वर घ्या. तारू मधल्या आणि पुढच्या पट्टीच्या मध्ये ठेवा आणि पाण्याबरोबर तेही तितकंच वर न्या. तारू वर न्यायचं राहून गेलं की ते बुडताना दिसतं, आणि नोहाच्या कथेत ते बरं दिसत नाही.

ढगांसाठी काचेवर साबणाचा पातळ हात फिरवून पाहा. रायनिगर यांच्याबरोबर काम केलेल्या बर्थोल्ड बार्टोश यांनी पुढे आपल्या फिल्ममध्ये धुक्याचा परिणाम साबण आणि मागून येणाऱ्या उजेडाने साधला होता. त्यासाठी वर दुसरी वेगळी काच घ्या, बाहुल्यांच्या काचेवर साबण लावू नका.

आता पक्षी. आठव्या अध्यायात आधी कावळा सोडला आहे, मग कबुतर. खालून उजेड असलेल्या काचेवर पांढरी आकृती करता येत नाही, तिथे पांढरं म्हणजे रिकामी जागा. कबुतर काळंच करा आणि आकार व वेगावरून ओळख पटवा. कावळ्याची चोच जाड, पंखांची टोकं बोटांसारखी सुटी, एक फडफड आठ चित्रांत. कबुतराचं डोकं लहान, छाती गोल, शेपूट पंख्यासारखं पसरलेलं, फडफड चार चित्रांत. कबुतर तीनदा सोडलं आहे, दर वेळी सात दिवसांनी. पहिल्या फेरीत ते त्याच वाटेने परत येतं, दुसऱ्यांदा चोचीत जैतुनाचं पान, तिसऱ्यांदा येतच नाही. तिन्ही वेळा उड्डाण एकाच जागेवरून, एकाच वाटेने दाखवा. तिसऱ्या वेळी चौकट चार सेकंद रिकामी ठेवा. पान ८ मिमीचं कापा आणि चोचीला सुईच्या टोकाने चीर देऊन अडकवा. गोंद लावलात तर पुढच्या दृश्यात काढताना चोच तुटते.

प्रश्न : शाळेत १९३३ चा नोहा दाखवायला परवानगी लागते का? आमच्या फिल्मला बायबलचा मराठी मजकूर वाचला तर चालेल?
— मुख्याध्यापिका, कोंढवा

भारतीय कॉपीराइट कायद्यात सिनेमाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांचं संरक्षण आहे. शिवाय शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात प्रेक्षक फक्त शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तर चित्रपट दाखवायला कायद्यातच मोकळीक आहे. इंटरनेटवर टाकणं वेगळं, कारण तिथे दुसऱ्या देशांचे कायदे येतात आणि अमेरिकेत १९३३ च्या फिल्मसाठी मुदत ९५ वर्षांपर्यंत आहे. त्यामुळे जुन्या फिल्मचे तुकडे आपल्या फिल्ममध्ये जोडू नका. मराठी बायबलची अलीकडची भाषांतरं प्रकाशकांच्या हक्कात असतात. मुलांनी कथा आपल्या शब्दांत सांगितली की प्रश्न मिटतो, आणि निवेदनही जिवंत होतं.

प्रश्न : घरातल्या जुन्या ट्रंकेत १६ मिमीची एक रीळ सापडली. डब्यावर 'नोहा' एवढंच लिहिलं आहे. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ओळखीच्या एकाकडे प्रोजेक्टर आहे. लावून पाहावी का?
— वाचक, खडकी

लावू नका. तो वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट (एक प्रकारचं प्लॅस्टिक) पाया कुजत चालल्याची खूण आहे. उष्णता आणि ओल यांनी त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि ते आम्लच पुढची झीज वाढवतं. अशी फिल्म आखडते, तिची छिद्रं प्रोजेक्टरच्या दातांशी जुळत नाहीत आणि फिल्म फाटते. किती आखडली ते मोजता येतं. लागोपाठ शंभर छिद्रांचं अंतर पट्टीने मोजा. नव्या फिल्ममध्ये ते ७६२ मिमी असतं. ७५४ किंवा त्याहून कमी आलं तर आकुंचन एक टक्क्याच्या वर आहे, आणि प्रोजेक्टर तिच्या जवळही नेऊ नये. फिल्म मोजताना ताणू नका. कडेला लहरी आल्या असतील किंवा पांढरी पूड दिसत असेल तर मोजण्याच्याही फंदात पडू नका.

आगीची भीती मात्र बाळगू नका. भडकणारी नायट्रेट फिल्म ३५ मिमीची असते, १६ मिमी सामान्यतः सुरुवातीपासून सुरक्षित ॲसिटेटवरच येत आली. कुणाकडे १९५० च्या आधीची ३५ मिमी रीळ असेल तर गोष्ट वेगळी : ती पेटली तर पाण्याने विझत नाही, कुरिअरने पाठवू नये, घरात ठेवू नये. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट रिळांना आग लागून जुने मूकपट गेले, हे अनेकांना आठवत असेल.

तुमच्या रिळीत काय आहे ते प्रोजेक्टरशिवाय बरंचसं कळतं. सुती हातमोजे घाला, सुरुवातीची दोन-तीन फूट फिल्म सावकाश उलगडा आणि दुधी बल्बसमोर धरून भिंगातून पाहा. दोन्ही कडांना छिद्रं असतील तर ती मूक प्रत, एकाच कडेला असतील आणि दुसरीकडे नागमोडी पट्टा असेल तर ध्वनीसह. कडेला कोडॅकची वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं असतील तर ती कच्ची फिल्म तयार झाल्याचं वर्ष सांगतात. तीच चिन्हं दर वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून चित्र आणि रंग पाहून ताळा करावा लागतो. रेखाटलेले प्राणी असतील तर १९३३ चा नोहा असण्याची शक्यता, बुचं-पेन्सिलींचे असतील तर १९५९ चा, आणि खरी माणसं असतील तर तिसरीच कुठली फिल्म. लांबीवरूनही अंदाज येतो : १६ मिमीत एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे २४ च्या वेगाने मिनिटाला ३६ फूट. आठ मिनिटांची फिल्म २८८ फुटांच्या आसपास भरेल. मूक प्रत १६ च्या वेगाची असेल तर मिनिटाला २४ फूट. अशी प्रत २४ ने चालवली की सगळे दीडपट घाईने पळतात, आणि जुन्या फिल्ममधली माणसं अशीच चालत असत असा गैरसमज होतो.

तोवर रीळ बाकीच्या फिल्म आणि फोटोंपासून दूर ठेवा, आम्लाची वाफ त्यांनाही लागते. गंजलेला पत्र्याचा डबा काढून टाका, पण त्यावरचं 'नोहा' लिहिलेलं झाकण जपा, ते ओळखीचा पुरावा आहे. फिल्म हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आम्ल आतच कोंडतं. माळ्यावर ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली तापमान फार चढतं. घरातलं सर्वांत थंड आणि कोरडं कपाट निवडा. मग लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा. जाताना रीळ बरोबर नेण्याआधी झाकणाचा, पहिल्या काही फ्रेमचा आणि कडेवरच्या चिन्हांचा फोटो, तसंच शंभर छिद्रांचं माप घेऊन जा. डिजिटल प्रत करायला कुणाकडेही देताना दातांच्या चक्राशिवाय चालणारा स्कॅनर आहे का ते आधी विचारा, आणि दर फ्रेम वेगळी स्कॅन करून मागा. पडद्यावर टाकून समोरून कॅमेऱ्याने टिपलेली प्रत घेऊ नका, त्यात आखडलेली फिल्म पुन्हा प्रोजेक्टरमधूनच जाते.